निर्णयापर्यंत पोहोचणारी सभा

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात एका सभेचे वर्णन आले आहे. रोगांमुळे तप, अध्ययन, व्रत आणि आयुष्य यांत विघ्ने उत्पन्न होऊ लागली, तेव्हा महर्षी हिमालयाच्या सान्निध्यात एकत्र जमले. त्यांनी प्रथम प्रश्न नेमका मांडला. त्यावरील उपाय इंद्राकडून जाणून घ्यावा, असे ठरविले. ठरविल्यानंतर ते उठून गेले नाहीत. इंद्राकडे जाणार कोण, हा पुढचा प्रश्न तेथेच विचारला गेला. भरद्वाजांनी ती जबाबदारी आपण होऊन मागितली, ऋषींनी त्यांची नियुक्ती केली, ते गेले, शिकले, परत आले आणि जे शिकले ते त्यांनी सर्वांना सांगितले. आयुर्वेदाचे भूतलावरील अवतरण हे अशा रीतीने एका उत्तम चाललेल्या सभेचे फलित आहे.

प्रश्न, उपाय, नाव, कृती आणि निवेदन अशी ही पाच पायऱ्यांची परंपरा आपल्याच शास्त्रातील आहे. असे असूनही आपल्या सभांचा अनुभव काय आहे? ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातील वैद्य आणि औषधी निर्माते वर्षातून अनेकदा एकत्र बसतात. चर्चा उत्तम होते, अल्पोपाहार त्याहून उत्तम होतो. आणि पुढील सभेत तोच विषय पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. सभेत नेमके काय ठरले, असे चौघांना विचारले तर चार उत्तरे मिळतात. हा दोष व्यक्तींचा नाही, पद्धतीचा आहे. आणि पद्धत सुधारता येते, एवढेच सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

एक स्वानुभव

काही वर्षांपूर्वी आमच्या परिसरातील काही वैद्य व छोटे औषधी निर्माते यांनी अशोकाची साल एकत्रित खरेदी करावी आणि खरेदीपूर्वी तिची एकत्रित तपासणी करून घ्यावी, असा विचार सुरू केला. कारण उघड होते. सीता अशोकाच्या सालीच्या नावाखाली रस्त्याकडेला लावल्या जाणाऱ्या उंच, सरळसोट खोट्या अशोकाची साल बाजारात येते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. वाळलेल्या तुकड्यांवरून भेद ओळखणे कठीण. सूक्ष्मदर्शकाखाली आणि थिन लेअर क्रोमॅटोग्राफीने तो स्पष्ट होतो. एकट्या लहान निर्मात्यास प्रत्येक खेपेची तपासणी परवडत नाही, दहा जणांस मिळून परवडते.

या विषयावर तीन सभा झाल्या. पहिली ठाण्यात, रविवारी सकाळी. त्या दिवशी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असल्याने कल्याणकडील सभासद तासाभराने पोहोचले आणि जे बोलून झाले होते ते पुन्हा बोलावे लागले. दुसऱ्या सभेत या उपक्रमाचे नाव काय असावे यावर पाऊण तास गेला. तिसऱ्या सभेत विषय नीट सुरू झाला. परंतु तपासणीचा खर्च वैद्यांनी का सोसावा, या मुद्द्यावर शब्दाने शब्द वाढला. दहा वाजून गेले होते, परतीच्या गाडीसाठी एकेक जण उठू लागला, आणि 'पुढच्या वेळी ठरवू' असे म्हणून सभा संपली.

पुढची वेळ येण्यापूर्वीच आमच्यातील एका निर्मात्याने नेहमीच्या घाऊक व्यापाऱ्याकडून दोन गोणी साल घेतली. तिचा काढा होऊन अशोकारिष्ट संधानासाठी भरलेही गेले. नंतर शंका आली म्हणून राखून ठेवलेला नमुना तपासला, तो खोट्या अशोकाचा निघाला. संपूर्ण घाण फेकून द्यावा लागला. औषध रुग्णापर्यंत गेले नाही, हे सुदैव.

त्या तिन्ही सभांचे अध्यक्षस्थान प्रस्तुत लेखकाकडे होते. व्यापाऱ्याची चूक होती हे खरेच. पण पहिल्याच सभेत निर्णय झाला असता तर ती साल तपासणीवाचून कोणाच्याही भट्टीपर्यंत पोहोचली नसती, हेही तितकेच खरे. पुढे सांगितलेले सर्व त्या चुकीतून शिकलेले आहे.

सभेची खरी किंमत

वीस वैद्य तीन तास बसले, तर साठ चिकित्सा-तास खर्च होतात. त्यात ठाणे ते कल्याण जाण्या-येण्याचा वेळ मिळवावा. कोणी बाह्यरुग्ण विभाग बंद ठेवून आलेला असतो, कोणी भट्टीवर पाक ठेवून मदतनिसाच्या भरवशावर आलेला असतो. म्हणून सभा बोलावण्यापूर्वी निमंत्रकाने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : सर्वांनी एकत्र बसल्यावाचून हे काम होणार नाही काय?

उदाहरण घ्यावयाचे तर, २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदीय औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. ही माहिती आहे. ती पत्रकाने किंवा व्हॉट्सॲपवरील एका संदेशाने देता येते, तिच्यासाठी वीस जणांस बोलावू नये. परंतु जुन्या दराच्या छापील वेष्टनांचे काय करावयाचे, विक्रेत्यांकडील शिल्लक मालाची किंमत कशी बदलावयाची, आणि या बाबतीत सर्व सभासदांनी एकसारखी रीत ठेवावयाची काय, हे प्रश्न विचारविनिमयाचे व निर्णयाचे होते. सभा त्यांच्यासाठी असते. माहिती कळवावी, मत मागवावे आणि निर्णयासाठी बसावे, असा हा साधा विवेक आहे.

पंचकर्मात जसे पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे तीन टप्पे आपण मानतो, तसेच सभेचेही आहेत. स्नेहन-स्वेदनावाचून वमन देणारा वैद्य आणि विषयपत्रिकेवाचून सभा घेणारा कार्यवाह, दोघांनाही व्यापदांना तोंड द्यावे लागते.

पूर्वकर्म

पूर्वकर्मातील पहिली गोष्ट म्हणजे विषयाची मांडणी. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात जी चव्वेचाळीस वादमार्गपदे सांगितली आहेत, त्यांत 'प्रतिज्ञा' हे एक पद आहे. जे सिद्ध करावयाचे त्याचे स्पष्ट विधान म्हणजे प्रतिज्ञा. आपल्या विषयपत्रिकेत बहुधा प्रतिज्ञा नसते, नुसते नाव असते. 'अशोक साल खरेदीबाबत विचार करणे' असे लिहिले की विचार होतो, खरेदी होत नाही. त्याऐवजी असे लिहावे : 'येत्या हंगामापासून सभासदांनी अशोक साल एकत्रित खरेदी करावी, प्रत्येक खेपेची खरेदीपूर्व तपासणी करावी आणि तपासणीचा खर्च खरेदीच्या प्रमाणात वाटून घ्यावा, या प्रस्तावावर निर्णय घेणे.' आता प्रत्येक जण घरून निघतानाच आपले मत व त्याचा हेतू मनाशी धरून निघेल. ज्यास विरोध करावयाचा आहे, त्यासही नेमका कशास विरोध करावयाचा हे कळेल.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. व्यापाऱ्यांची दरपत्रके, प्रयोगशाळेचे शुल्क, प्रत्येकाची वार्षिक गरज ही आकडेवारी सभेपूर्वी किमान एक आठवडा सर्वांच्या हाती असावी. सभेत आकडे प्रथमच ऐकले की निम्मा वेळ ते उतरवून घेण्यात जातो.

तिसरी गोष्ट वेळ व स्थळ यांची. आपल्या भागात ही गौण बाब नाही. बहुतेक वैद्यांची संध्याकाळ रुग्णांत जाते आणि रात्री नऊनंतर कोणाचेही चित्त थाऱ्यावर नसते. रविवारची सकाळ सोयीची वाटते, परंतु मेगाब्लॉकची घोषणा पाहिल्याशिवाय सभा ठरवू नये. ब्लॉक नेमका ठाणे-कल्याण दरम्यान असेल तर सभा पुढे ढकललेली बरी. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी पुष्कळदा रविवारी नसते, हेही निर्मात्यांस विचारून घ्यावे. कामाच्या दिवशी दुपारी दोन ते साडेतीन ही वेळ आमच्या अनुभवास सर्वांत चांगली ठरली. स्थळ स्थानकापासून पायी जाण्याजोगे असावे. आणि सभा नेहमी ठाण्यातच न घेता आळीपाळीने डोंबिवली व कल्याण येथेही घ्यावी, म्हणजे प्रवासाचा भार एकाच बाजूवर पडत नाही.

दूरस्थ सभा आता सर्वांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. अहवाल ऐकणे, तारखा ठरविणे यांसाठी त्या अवश्य घ्याव्यात. परंतु सालीचा तुकडा हातात घेऊन, मोडून, चाखून पाहावयाचा असेल किंवा पैशाच्या प्रश्नावर मतभेद मिटवावयाचा असेल, तर समोरासमोर बसण्यास पर्याय नाही.

विषयपत्रिका कशी असावी?

प्रत्येक विषयापुढे मिनिटे लिहावीत. दीड तासाच्या सभेचा एक नमुना पुढे देत आहे.

१. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे : ५ मिनिटे
२. मागील ठरावांवर झालेली कार्यवाही : १० मिनिटे
३. अशोक सालीची एकत्रित खरेदी व तपासणी (निर्णय) : ३५ मिनिटे
४. जुनी वेष्टने व सुधारित किमती (निर्णय) : २० मिनिटे
५. वार्षिक चर्चासत्राची पूर्वतयारी (अहवाल) : १० मिनिटे
६. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय : ५ मिनिटे
७. संमत ठरावांचे वाचन : ५ मिनिटे

महत्त्वाचा विषय आरंभी ठेवला आहे, हे वाचकांच्या लक्षात येईल. पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५७ साली आपल्या प्रसिद्ध पुस्तकात एका काल्पनिक समितीचे वर्णन केले आहे. अणुभट्टीचा प्रचंड खर्च ती समिती काही मिनिटांत संमत करते, आणि सायकलींच्या छपरावर मात्र पाऊण तास वाद घालते. कारण अणुभट्टी कोणालाच समजत नाही, छप्पर सर्वांना समजते. आमच्या दुसऱ्या सभेत नावावर गेलेला पाऊण तास याच जातीचा होता. सोपे विषय वेळ खातात. म्हणून त्यांना वेळ मोजून द्यावा आणि शेवटी द्यावा.

'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली खर्चाचा किंवा धोरणाचा ठराव कधीही आणू नये. गैरहजर सभासदास ज्याची कल्पना नव्हती असा निर्णय घेणे, हा त्याचा विश्वासघात होय.

प्रधानकर्म

पहिला नियम वक्तशीरपणाचा. आपल्याकडील सूचनांत एक ठरलेले वाक्य असते : गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व तीस गणसंख्येचे बंधन राहणार नाही. ही तरतूद अडचणीसाठी आहे. परंतु ती सर्वांस पाठ झाल्याने सगळेच अर्धा तास उशिरा येतात, आणि जो वेळेवर आला त्यालाच शिक्षा होते. ज्या सभासदांच्या प्रतीक्षेत आपण थांबतो ते पुढच्या वेळीही उशिरा येतात. ज्यांना आपण थांबवितो ते पुढच्या वेळी येत नाहीत.

दुसरा नियम चर्चेच्या प्रकाराचा. चरकाचार्यांनी तद्विद्यसंभाषा दोन प्रकारची सांगितली आहे : संधाय संभाषा आणि विगृह्य संभाषा. पहिली स्नेहभावाने, सत्य शोधण्यासाठी, दुसरी जिंकण्यासाठी. संधाय संभाषेत नि:शंकपणे बोलावे, नि:शंकपणे विचारावे, हरण्याचे भय धरू नये, दुसऱ्याचे म्हणणे खोडता आले म्हणून हर्ष मानू नये आणि अज्ञानाने एकाच बाजूचा हट्ट धरू नये, असा त्यांचा उपदेश आहे. सहकाऱ्यांच्या सभेस याहून चांगली आचारसंहिता नाही. आमची तिसरी सभा याच ठिकाणी बिघडली. खर्चाचा प्रश्न रास्त होता. परंतु 'वैद्य विरुद्ध निर्माते' असे त्याचे रूप झाले आणि संधाय संभाषेची विगृह्य संभाषा झाली. हे होताना ओळखणे आणि तेथेच थांबविणे हे अध्यक्षाचे काम होते, ते मी केले नाही.

अध्यक्षाने नेमके काय करावे, याचा वस्तुपाठ सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात आहे. चैत्ररथ वनात रस किती, या प्रश्नावर ऋषी बसले. भद्रकाप्याने एक रस सांगितला, शाकुंतेयाने दोन, मौद्गल्याने तीन, हिरण्याक्षाने चार, कुमारशिरा भरद्वाजाने पाच, वार्योविदाने सहा, निमीने सात, बडिशाने आठ आणि कांकायनाने असंख्य. पुनर्वसु आत्रेयांनी कोणासही मध्येच तोडले नाही. सर्वांचे ऐकून घेतल्यावर त्यांनी सहा रस हा निर्णय दिला. पण तेवढेच करून ते थांबले नाहीत. एकाने ज्यास रस म्हटले ते उदक म्हणजे रसांची योनी आहे, दुसऱ्याने ज्यांस रस म्हटले ती छेदन व उपशमन ही कर्मे आहेत, अशा प्रकारे प्रत्येकाचे म्हणणे कोठे बसते हे त्यांनी दाखविले. ज्याचे मत स्वीकारले गेले नाही, त्याचेही म्हणणे योग्य जागी पोहोचले.

हीच रीत आपल्या सभेत वापरता येते. चर्चा सुरू असताना अध्यक्षाने मध्येच सांगावे : 'हा मुद्दा दराचा आहे, हा तपासणीच्या पद्धतीचा, आणि हा खर्चाच्या वाटपाचा. पहिल्या दोहोंवर आपले एकमत दिसते. तिसऱ्यावर बोलू या.' असे मुद्दे वेगळे झाले की वाद आपोआप लहान होतो. प्रत्येकास एकदा बोलण्याची संधी मिळेपर्यंत कोणी दुसऱ्यांदा बोलू नये. तरुण वैद्यांस प्रथम बोलू द्यावे. ज्येष्ठांनी मत दिल्यावर कनिष्ठ बहुधा मौन धरतात आणि त्यांच्याजवळची माहिती सभेस मिळत नाही. अध्यक्षाने आपले मत शेवटी सांगावे.

पंचविसाव्या अध्यायात पुरुष व रोग यांच्या उत्पत्तीवर असाच वाद रंगला असता, केवळ आपापला पक्ष धरून बोलणारे घाण्याभोवती फिरणाऱ्यांप्रमाणे कोठेच पोहोचत नाहीत, अशी समज आत्रेयांनी दिली आहे. मराठीत आपण यालाच चर्चेचे गुऱ्हाळ म्हणतो. घाण्यातून निदान तेल आणि गुऱ्हाळातून निदान गूळ निघतो; आपल्या चर्चेतून काय निघाले, हे घड्याळ पाहून विचारण्याचा अधिकार अध्यक्षास आहे आणि तो त्याने वापरावा.

वेळ संपूनही एकमत झाले नाही तर काय करावे? तीनच मार्ग आहेत : मत घ्यावे, एखादी माहिती खरोखर अपुरी असेल तर ती कोण व कोणत्या तारखेपर्यंत आणणार हे ठरवून विषय पुढे न्यावा, अथवा प्रस्ताव फेटाळला असे स्पष्ट नोंदवावे. नुसते 'पुढच्या वेळी पाहू' हा चौथा मार्ग मात्र नाही. विरोधी मत देणाऱ्याची इच्छा असल्यास ते त्याच्या नावासह नोंदवावे. त्याने त्याचा मान राहतो आणि सभेचाही.

पश्चात्कर्म

शोधनानंतर संसर्जनक्रम न पाळल्यास उत्तम शोधनही वाया जाते. सभेचा संसर्जनक्रम म्हणजे इतिवृत्त. कोण काय बोलले याचा वृत्तांत लिहीत बसण्याचे कारण नाही. प्रत्येक ठरावात चार गोष्टी असाव्यात : काय करावयाचे, कोणी करावयाचे, कोणत्या तारखेपर्यंत करावयाचे आणि किती खर्चापर्यंत करावयाचे. सूचक व अनुमोदक यांची नावे, तसेच ठराव सर्वानुमते की बहुमताने, हे त्याखाली यावे. 'सभासदांनी सहकार्य करावे' हा ठराव नव्हे, ती सदिच्छा होय. जबाबदारी 'समितीकडे' देऊ नये. समितीतील एका व्यक्तीचे नाव लिहावे. ऋषींनी भरद्वाजांची नियुक्ती केली, मंडळाची नव्हे.

ठरावांचे वाचन सभा संपण्यापूर्वीच, सर्व जण बसलेले असताना करावे. गाडीची घाई असली तरी ही पाच मिनिटे कोणी चुकवू नयेत. शब्दांबद्दल मतभेद असेल तर तो तेथेच कळतो. लिखित इतिवृत्त तीन दिवसांच्या आत सर्वांकडे जावे, आणि पुढील सभेत मागील ठरावांवरील कार्यवाही विचारली जावी. ही विचारणा होणार आहे हे ठाऊक असले, की कामे सभेच्या आदल्या आठवड्यात का होईना, पूर्ण होतात.

निर्मातेबंधूंस याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. २००० साली औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत 'शेड्युल टी' आले, तेव्हापासून प्रत्येक घाणाची नोंद ठेवणे आपल्या अंगवळणी पडले आहे. नोंदीवाचून एकही बाटली कारखान्याबाहेर न सोडणारा निर्माता नोंदीवाचून सभा मात्र कशी सोडतो?

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांसाठी यास कायद्याचीही बाजू आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० याखाली नोंदणी झालेल्या संस्थेने विश्वस्त किंवा कार्यकारी मंडळात झालेला बदल कलम २२ नुसार ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयास कळवावयाचा असतो. तेथे सभेची सूचना, ती सभासदांस पोहोचल्याचा पुरावा, उपस्थितीच्या स्वाक्षऱ्या आणि इतिवृत्त यांवरच सर्व काही अवलंबून असते. वर्षानुवर्षे निष्ठेने चाललेल्या संस्थांचे चेंज रिपोर्ट केवळ या कागदांअभावी रखडतात, आणि मग बँकेतील खात्यावर सही कोणी करावयाची असा प्रश्न उभा राहतो.

उपसंहार

शंकर दाजी शास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशिक येथे वैद्यांचे संमेलन भरवून अखिल भारतीय पातळीवरील वैद्यसंघटनेचा पाया घातला. प्रवासाची व पत्रव्यवहाराची साधने तेव्हा किती तोकडी होती, याची कल्पना करावी. आपणांस तासाभराच्या लोकल प्रवासात भेटता येते. म्हणूनच कदाचित भेटीचे मोल आपणांस वाटेनासे झाले असावे.

आमच्या त्या विषयाचे पुढे काय झाले, हे सांगून लेख संपवितो. चौथी सभा कामाच्या दिवशी दुपारी, डोंबिवलीत झाली. प्रस्ताव व आकडे आठवडाभर आधी पाठविले होते. खर्चाचे वाटप हा एकच मुद्दा वादाचा आहे, हे आरंभीच सांगितले. निर्मात्यांनी खरेदीच्या प्रमाणात खर्च सोसावा आणि वैद्यांनी वर्षभराची मागणी आगाऊ नोंदवावी, असे ठरले. नमुने गोळा करण्याचे काम एका तरुण वैद्याने आपण होऊन मागून घेतले. सभा दीड तासात संपली. त्यानंतर आलेल्या खेपांपैकी एक तपासणीत अयोग्य ठरली आणि पैसे देण्यापूर्वीच परत गेली.

या पद्धतीने सर्व मतभेद मिटतात असे नाही. दराविषयी वैद्य आणि निर्माते यांचे हितसंबंध काही प्रमाणात वेगळे आहेत आणि ते वेगळे राहतील. परंतु मतभेद कोठे आहे हे नेमके कळणे आणि तो असतानाही रुग्णाच्या हिताचा निर्णय वेळेवर होणे, एवढे निश्चित साधते. आपापल्या शाखेच्या पुढील सभेची सूचना काढताना कार्यवाहांनी विषयपत्रिकेतील निदान एक विषय प्रतिज्ञेच्या रूपात लिहून पाहावा, आणि सभा संपताना त्यापुढे एक नाव व एक तारीख आहे ना, हे तपासून पाहावे, ही विनंती.